यंत्राने न वाचलेले नंदुरबार



कृत्रिम प्रज्ञेची चर्चा नंदुरबारात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका आजाराच्या नावात आहे : सिकलसेल. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांपासून नवापूरपर्यंत या आनुवंशिक व्याधीने आपल्या जनजाती बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या ग्रासले आहे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५७ मध्ये हा बदल नेमका दाखविला. प्रथिन हे जणू अमिनो आम्लांच्या अक्षरांनी लिहिलेले वाक्य. त्यातील एक अक्षर चुकले! म्हणूनच भाषा शिकणारी संगणकीय प्रारूपे आज प्रथिनांची लिपीही वाचू लागली आहेत. पबमेड या भांडारात ३.५ कोटींहून अधिक वैद्यकीय नोंदी आहेत. जन्मभरात न संपणारे हे वाचन चाळण्यास ती संशोधकाला साह्य करतात.

परंतु विवेक हवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटा कंपनीने विज्ञानासाठी ‘गॅलॅक्टिका’ हे प्रारूप खुले केले. ते अस्तित्वात नसलेले संदर्भही बेधडक देऊ लागले आणि तीन दिवसांत मागे घ्यावे लागले.

याहून गंभीर बाब अशी की, यंत्र जे लिहिले गेले तेच वाचते. भारतात सिकलसेलचा अरब-भारतीय जनुकीय प्रकार मुख्यत्वे आढळतो. त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बहुधा अधिक असते. त्यामुळे आजाराची वाटचाल आफ्रिकी वंशाच्या रुग्णांहून भिन्न असू शकते. परदेशी रुग्णांवरील निष्कर्ष यंत्राने आपल्या माथी मारले, तर दोष कोणाचा? भिली वा पावरी बोलणारी माता लेकराच्या वेदनेचे जे वर्णन करते, ते आपण तरी कुठे लिहून ठेवले?

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचे लक्ष्य. या तपासणीतील प्रत्येक नोंद उद्याच्या संशोधनाचे बीज ठरू शकते. मात्र ती नोंद त्या कुटुंबाची ठेव आहे. वाहक असलेल्या मुलीचे नाव बाहेर फुटले, तर तिचा विवाह अडू शकतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती, गोपनीयता आणि मानवी देखरेख यांचा आग्रह आहे, तो याचसाठी.

कार्यकर्त्यांनो, पाड्यावर जाऊन त्या मातेच्या बोलीत तिला सर्व समजावणे आणि ती जे सांगेल ते तिच्या संमतीने जसेच्या तसे टिपणे, हे काम कोणतेही यंत्र करणार नाही. ते आपल्यालाच केले पाहिजे.