शपथपत्रात नसलेला रकाना

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, राजकारणातला माणूस नव्हे. या विषयात आलो तो माझ्या खालामुळे. तिला लहानपणी पोलिओ झाला, एका पायाला कॅलिपर असतो. ती गावच्या ग्रामपंचायतीला उभी राहिली आणि दहा दिवस मी रजा काढून तिच्या प्रचारात होतो.

मला वाटलं होतं, खरी अडचण अर्ज भरायच्या कचेरीच्या जिन्याची असेल. तो होताच, दोघांनी धरून तिला वर नेलं. पण जिना एकदाच चढायचा होता, उंबरे रोजचे. आपल्याकडे उमेदवाराने दारात यावं, चहा घ्यावा, अशी रीत आहे. समोरचा सकाळी साठ घरं करायचा, खाला पंधरा. म्हणून रिक्षा ठरवली, तर तिचं भाडं निवडणूक खर्चात धरलं. समोरच्याने तेवढ्या पैशात पत्रकं छापली! मोठ्या राज्यांत लोकसभेची खर्चमर्यादा ९५ लाख आहे, तिथेही मदतनीस किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी यांचा खर्च त्यातच. ब्रिटनमध्ये अपंगत्वामुळे होणारा वाजवी खर्च मर्यादेबाहेर ठेवतात.

पॅनेलच्या बैठका रात्री एका गच्चीवर व्हायच्या. काय ठरलं ते खालाला सकाळी कळायचं. सभेत तिला म्हणाले, "तुम्ही भाषण नका करू, नुसत्या स्टेजवर बसा. लोकांना दया येते." त्या रात्री ती जेवली नाही.

मतदारांसाठी पुष्कळ झालंय, हे कबूल करायला हवं. मतदान यंत्रावर ब्रेल आहे. २०२४ च्या लोकसभेला ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना घरून मत देता आलं. उमेदवारांकडे मात्र कुणी पाहत नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखल्या, विधिमंडळात एकही नाही. ओडिशात तर कुष्ठरोगामुळे निवडून आलेला नगरसेवक अपात्र ठरला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं.

सवयीने मी आकडा शोधायला बसलो : आजवर किती अपंग उमेदवार उभे राहिले? उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये, मालमत्ता, गुन्हे, शिक्षण सगळं विचारतात. अपंगत्वाचा रकानाच नाही. मग क्वेरी चालवायची कशावर? २०११ च्या जनगणनेत आपण २ कोटी ६८ लाख होतो, एवढंच हाती लागतं.

लोक निवडून देत नाहीत म्हणावं, तर १९५३ मध्ये कलकत्त्यातून अंध वकील साधन गुप्ता लोकसभेत गेले. कुबड्या घेऊन चालणारे जयपाल रेड्डी केंद्रीय मंत्री झाले. दोघांच्याही मागे पक्ष उभा होता.

तमिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक संस्थांत अपंग सदस्य नेमण्याचा कायदा केला. मला तो चांगला वाटतो. खालाला सांगितलं, तर म्हणाली, "बेटा, नेमलेली खुर्ची नको. मला मतं मागू देत."

ती ३१ मतांनी हरली. पुढच्या वेळेला उभी राहणारच आहे. पॅनेलवाल्यांना तिने आत्ताच निरोप पाठवलाय : बैठक माझ्या अंगणात होईल, चहा माझा.