सही कुठं करायची?

बारामती-इंदापूर तालुक्यांतून आलेले कामगार कायदा सल्लागार, टाइम ऑफिसमधली मंडळी व युनियनचे कार्यकर्ते मित्रहो,

संयोजकांनी अध्यक्ष म्हणून माझ्याकडून वर्षभरातल्या कायद्यांचा आढावा मागितला होता. तो स्मरणिकेत छापला आहे, सवडीनं वाचा. मी आज एकाच गोष्टीवर बोलणार आहे, कारण पुन्हा माइक हातात येईल याची खात्री नाही.

सकाळच्या परिसंवादात दोन तरुण सहकाऱ्यांनी मांडलं की पीएफ आणि पेन्शन ऐच्छिक करा. कामगार सज्ञान आहे, मत देतो, संसार चालवतो, मग स्वतःच्या पैशाचंच त्याला कळत नाही का? टाळ्याही पडल्या. मागणी जुनीच आहे. २८ फेब्रुवारी २०१५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटलींनी सुचवलं होतं, की पीएफ हवा की एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) हे कामगारानं ठरवावं, आणि ठरावीक पगाराखालच्या माणसाला स्वतःचा हिस्सा भरणं ऐच्छिक असावं. मालकाचा हिस्सा मात्र कमी होऊ नये, असंही त्यात होतं. आपल्याकडे ही मागणी फिरताना नेमकं हे शेवटचं वाक्य गळून पडतं.

आणि पर्याय आजही आहेच की! मूळ पगार १५,००० च्या वर असेल आणि माणूस आधी कधी सभासद नसेल, तर त्याला बाहेर राहता येतं. हा पर्याय वापरतं कोण, ते मी पाहिलं आहे. एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे भरती चालली होती. टेबलावर फॉर्म ११ चा, म्हणजे पीएफच्या घोषणापत्राचा, गठ्ठा. ‘पूर्वी सभासद होता का?’ या रकान्यात ‘नाही’ आधीच टाइप केलेलं. इंदापूरकडचा आयटीआय झालेला एक पोरगा पुढं आला आणि म्हणाला, “सही कुठं करायची?” क्लार्कनं बोट ठेवलं. झाली निवड! मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, “का रे, पीएफ नको?” म्हणाला, “नको म्हणलं की हातात जादा पडत्यात, साहेब.” जादा म्हणजे त्याच्या वाट्याचे १,८००. ठेकेदाराच्या वाट्याचे १,८०० कुठं गेले, हे त्यानं विचारलं नाही, आणि ठेकेदार कशाला आपणहून सांगेल?

पेन्शनचं तर याहून विचित्र आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून चालू असलेल्या योजनेत कामगाराच्या पगारातून पेन्शनला एक पैसा जात नाही. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारचे १.१६ टक्के मिळून ती उभी राहते. तुम्ही म्हणाल, ते ८.३३ टक्के त्याच्याच पीएफ खात्यात पडले असते, वर व्याज मिळालं असतं. मान्य. आता माझं ऐका.

आपल्या भागातल्या एका साखर कारखान्यात हंगामी कामावर लागलेला मुलगा पहिल्याच गळीत हंगामात गेला. खात्यात साठलेल्या रकमेत दहावा-तेरावाही निघाला नसता. पण सेवेत असताना मृत्यू आला तर एका महिन्याची वर्गणीही पेन्शनला पुरते. बायकोला १,००० आणि दोन मुलांना २५०-२५०, असे दीड हजार तिला चालू झाले. हसू नका. त्या घरात महिन्याला बँकेत येणारी तेवढीच एक रक्कम होती, आणि मुलांचा वाटा ती पंचविशीची होईपर्यंत चालायचा आहे. हा हंगामी माणूस जगला असता तर चार-पाच महिन्यांचा हंगामसुद्धा पेन्शनच्या हिशेबात पुरं वर्ष धरला गेला असता. म्युच्युअल फंडाची एसआयपी विकणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनी असं वर्ष मोजून दाखवावं.

फॉर्म ११ वर असाच ‘नाही’ लिहिलेला दुसरा एक जण भिगवण रस्त्यावर अपघातात गेला. त्याच्या घरी पेन्शन नाही, ठेवीशी जोडलेला विमाही नाही. आधी रांजणगावला कामाला असताना तो सभासद होता, म्हणजे ते ‘नाही’ खोटंच होतं. भांडता आलं असतं. पण त्याची बायको मुलं घेऊन माहेरी निघून गेली, आणि वकीलपत्रावर सही करायला कोणी उरलं नाही.

आता तुमचा आवडता मुद्दा, हजार रुपयांचा. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजारच आहे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. संसदेच्या कोश्यारी समितीनं २०१३ मध्येच तीन हजार सुचवले होते. पेन्शनरांचे नेते कमांडर अशोक राऊत यांच्या मागं म्हातारी माणसं साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागत बुलढाण्यात साखळी उपोषणाला बसली. त्यांच्यातल्या कुणीही ‘आम्हाला बाहेर सोडा’ असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. मार्च २०२३ चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप आठवा. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढं लागलेले शिक्षक, कारकून जुनी पेन्शन मागत रस्त्यावर आले होते. ज्यांना हमीची किंमत कळते ते आत यायला भांडतात. चिलीत १९८१ साली पिनोशेच्या लष्करी राजवटीनं पेन्शन खासगी खात्यांत नेली, पण लष्कर आणि पोलीस जुन्याच सरकारी पेन्शनमध्ये राहिले. ज्यांनी हुकूम काढला, त्यांनी स्वतःपुरतं बरोबर ओळखलं होतं.

पूर्ण ऐच्छिक कारभार पाहायचा असेल तर लांब जायला नको. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, कुठल्याही कारखान्याच्या ऊसतोडीच्या फडावर जा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, अंगावर मुकादमाची उचल. त्यांच्यासारख्या असंघटितांसाठी श्रमयोगी मानधन योजना २०१९ पासून आहे, साठीनंतर तीन हजार देणारी, संपूर्ण ऐच्छिक. उचल फिटायच्या आत पुढच्या हंगामाची उचल घेणाऱ्यानं तिचा हप्ता कशातून भरायचा?

आणि जाता जाता तुमच्याही अंगावर थोडं. सात महिन्यांत ब्रेक मिळालेल्या पोराचा, पेन्शनची रक्कम काढायचा फॉर्म १०-सी कोण भरून देतं? आपणच. दहा वर्षं भरायच्या आत दर वेळी ही रक्कम काढली की पेन्शनची पाटी कोरी. पोराला मोटारसायकलचा हप्ता भरायचा असतो, आपल्याला फी मिळते. मागची सेवा जोडून ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट मिळतं, हे कितीजण सांगतात? हात वर करा म्हणत नाही.

कामं ठरवायची तर फॉर्म ११ सोप्या मराठीत छापून पोरांच्या हातात द्यावा, आणि ‘नाही’ लिहिण्याआधी काय जातं ते मागच्या बाजूला असावं. दोन्ही तालुक्यांत एखादं मदत केंद्र काढावं, शक्यतो बाजाराच्या दिवशी. पीएफ कार्यालयाला निवेदन द्यावं. या कामांच्या समितीत कोण आणि छपाईचा खर्च कुणाचा, ते जेवणानंतर बघू. सकाळच्या त्या दोघांना मी माझ्याच पंगतीला बोलावलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावरून अजून काही पटलेलं दिसत नाही.