खत आळ्यात, मग तणनाशक कुठे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपण कापूस-ज्वारीवाले. पण विहिरीला थोडे पाणी लागले की आपल्यातला माणूस एकर-दोन एकर मोसंबी लावतो, बालाघाटाच्या माळावर सीताफळ लावतो. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. बाग आली की दोन खर्च पाठोपाठ येतात. झाडाला खत पाहिजे, म्हणून आपण शेणखत आणि साखर कारखान्याची मळी भरतो. खुरपायला माणूस मिळत नाही, म्हणून तणनाशक आणतो. दोन्ही पडतात एकाच आळ्यात. तिथे त्यांचे एकमेकांशी काय होते, हे ना दुकानात सांगतात, ना डब्यावर लिहितात. तेवढेच आज बोलायचे आहे.

गेवराई तालुक्यातली एक मोसंबीची बाग आम्ही पाहिली. निम्म्या ओळींना मळी भरपूर, निम्म्या कोऱ्या. डाययुरॉन सगळीकडे सारखेच मारलेले. कोऱ्या ओळी स्वच्छ होत्या आणि मळीच्या ओळीत तण गुडघ्याला लागले होते. दुकानदाराने सांगितले, डोस दुप्पट करा. औषध खोटे नव्हते. सल्ला खोटा होता.

का, ते पाहू. तणनाशके दोन तऱ्हेची. ग्लायफोसेट, पॅराक्वाट ही हिरव्या पानावर काम करतात, मातीला लागली की मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात. दुसरी मातीतून काम करतात. ज्वारीतले ॲट्राझीन, कपाशीतले पेंडीमेथॅलीन, बागेतले डाययुरॉन ही त्यातली. उगवत्या तणाला ती मातीतूनच मिळावी लागतात. हळद काचेच्या पेल्यावरून धुऊन जाते, धोतराला लागली की सुटत नाही. कुजलेले खत म्हणजे ते धोतर. आपल्या कोरडवाहू रानात सेंद्रिय कर्ब मुळातच कमी. त्यात आळ्यात एकदम पाट्या भरून खत पडले, की तिथली माती शेजारच्या मातीसारखी राहत नाही. औषध खताला धरून राहते आणि तणाला कमी मिळते.

याची चांगली बाजूही आहे. धरलेले औषध विहिरीकडे कमी झिरपते. स्पेनमध्ये ऑलिव्हच्या बागांत तेलघाण्याचा चोथा जमिनीत घालून शास्त्रज्ञांनी हेच तपासले. सिमाझीन, डाययुरॉन ही औषधे चोथ्याच्या मातीने जास्त धरली, खाली कमी गेली. पण ती मातीत जास्त दिवस टिकलीही. पाण्यात उतरण्याच्या भीतीने युरोपने सिमाझीन आणि ॲट्राझीन २००४ साली बंद केली, हेही लक्षात ठेवा.

म्हणून डोस दुप्पट करणे म्हणजे दुप्पट औषध मातीत साठवणे. ते हळूहळू सुटते आणि पुढे बागेत मूग-उडीद घेतला तर त्याला भोवते. पैसाही आपला, रोपही आपले.

आणखी एक धोका. कच्च्या, ओल्या खतातला विरघळणारा भाग औषधाला बरोबर घेऊन खाली जाऊ शकतो. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. फवारणीवर पहिलाच पाऊस जोराचा झाला, तर पाणी भेगेतून सरळ खाली जाते. मातीला औषध धरायला वेळच मिळत नाही. त्याच विहिरीचे पाणी आपण पितो.

तेव्हा चार गोष्टी करा. मळी असो की शेणखत, पुरते कुजवूनच घाला. खत भरलेल्या आळ्यात मातीतून काम करणारे तणनाशक मारू नका. तिथे खुरपे चालवा किंवा पाचटाचे आच्छादन करा. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात वखर चालवा. तिथे औषध मारायचेच असेल, तर त्या पिकासाठी डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या वर जाऊ नका आणि भेगाळलेल्या रानात फवारू नका. चौथी गोष्ट बिनखर्चाची. आंतरपीक घेण्याआधी दोन डबे घ्या. एकात औषध पडलेली माती भरा, दुसऱ्यात बांधावरची कोरी. दोन्हीत काकडी आणि मोहरी पेरा. दोन-तीन आठवडे बघा. पहिल्या डब्यातली रोपे पिवळी पडून करपली आणि दुसऱ्यातली तरारली, तर औषध अजून मातीत आहे. तिथे पेरणीची घाई नको.

पण सगळा भार शेतकऱ्यानेच का उचलायचा? डब्यावरची मात्रा लिहिणाऱ्याला आपल्या आळ्यात किती मळी आहे हे माहीत नसते. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि अंबाजोगाईचे सीताफळ संशोधन केंद्र आपल्याच पैशावर उभे आहे. बीडच्या मातीत, कारखान्याच्या मळीवर, आपल्या बागांत प्रयोग करा आणि शिफारस खत घातलेल्या व न घातलेल्या जमिनीसाठी वेगळी द्या, अशी मागणी आम्ही या मेळाव्यापुढे ठेवतो. प्रत्येक तालुक्याने आपल्या बैठकीत तसा ठराव करून पाठवावा. तोवर डोस दुप्पट करा म्हणणाऱ्याला एकच विचारा, माझ्या आळ्यात खत किती आहे, ते तुम्ही पाहिले का?