औषधाचा गुण उतरतो तेव्हां



पावसाळ्यांत पर्लकोटेला पूर आला कीं भामरागड उर्वरित गडचिरोली जिल्ह्यापासून तुटतें. अशा दिवसांत तापावरचें औषध संपलें तर सारें घर अस्वस्थ होतें. नैराश्यावरच्या गोळ्या संपल्या तर तें पुष्कळदां कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

पुनःपुन्हां उलटणाऱ्या नैराश्याचा रोगी वर्षानुवर्षें गोळी घेतो, कामधंदा करतो. आणि एके दिवशीं तीच गोळी चालू असतांना झोप उडते, अन्न गोड लागत नाहीं. घरचे म्हणतात, "मनाला आवर घाल." हा बोल अन्यायाचा आहे. १९५७ सालीं स्वित्झर्लंडांतील डॉक्टर रोलांड कून यांनीं इमिप्रामीनचा गुण प्रसिद्ध केला. पुढें अशीं अनेक औषधें आलीं. परंतु औषध चालू असतांहि रोग उलटतो, हा अनुभव सर्वत्र आहे. १९९८ सालच्या एका समालोचनांत त्याचें प्रमाण शेंकडा ९ ते ३३ दिलें आहे. मेंदू औषधाला सरावतो कीं रोगच बळावतो, याचा निर्णय अद्याप लागलेला नाहीं.

म्हणून प्रथम साधे प्रश्न विचारावे. गोळी खरोखर रोज पोटांत जाते काय? पुरामुळें, धानाच्या रोवणीच्या घाईंत, किंवा बरें वाटूं लागलें म्हणून ती चुकली तर नाहीं? मोहाची दारू सुरू झाली नाहीं ना? क्षयावरील रिफाम्पिसिन यांपैकीं कित्येक औषधांचें रक्तांतील प्रमाण घटवतें. तेव्हां क्षयाचा डॉक्टर चंद्रपुरास आणि मनाचा दुसरीकडे असेल, तर दोघांनाहि दोन्ही कागद दाखवावे. थायरॉइड ग्रंथीची मंदता व रक्तक्षय हींहि नैराश्यासारखींच दिसतात.

कारण न सांपडलें तर डॉक्टर मात्रा वाढवतात, जोडीला दुसरें औषध देतात किंवा औषध बदलतात; संभाषणोपचाराचाहि उपयोग होतो. मात्र गुण येत नाहीं म्हणून गोळी आपणच एकदम सोडणें धोक्याचें आहे. जीव नकोसा झाल्याचे उद्गार निघाले तर माणसाला एकटें ठेवूं नये. टेलि-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

जंगलांतील घरें पावसाळ्यापूर्वीं धान्यमीठ भरून ठेवतात. डॉक्टरांना विचारून या गोळ्यांचीहि तशीच बेगमी करावी, आणि ती घरच्या जबाबदार माणसाच्या हातीं ठेवावी. पूर ओसरतो, तोंवर औषधाचा खंड पडूं न देणें घरच्यांच्या हातीं आहे.