स्वर एक, जागा अनेक

पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हटली की तिची पट्टी ठरलेली. डोळे मिटले तरी बोट तिथेच पडते. आज ज्या वाद्याबद्दल बोलायचे आहे त्यावर हाच स्वर निदान सहा-सात ठिकाणी सापडतो. म्हणून पाश्चात्त्य स्वरलिपीच्या पाच रेघांवरचा स्वर बिनचूक ओळखला तरी हात ठेवायचा कुठे, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

वाद्याचे नाव चॅपमन स्टिक. लॉस एंजेलिसमधले जॅझ गिटारवादक एमेट चॅपमन यांनी १९६९ मध्ये गिटारच्या दांडीवर दोन्ही हात समोरासमोरून आणले आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तारा पडद्यांवर ठोकून वाजवायला सुरुवात केली. तार छेडायची नाही. बोट पडद्याशी आपटले की स्वर उमटतो. या वादनासाठी त्यांनी वेगळे वाद्यच घडवले. १९७४ पासून ते विकले जाऊ लागले आणि दोन वर्षांनी 'फ्री हँड्स' हे त्यांचे शिक्षणाचे पुस्तक निघाले. किंग क्रिमसन या बँडच्या १९८१ च्या 'डिसिप्लिन' या अल्बममध्ये टोनी लेव्हिन यांनी ही स्टिक वाजवली आणि रॉक ऐकणाऱ्यांना ती ठाऊक झाली.

मूळ स्टिकला दहा तारा. पाच मेलडीच्या, त्या सहसा उजव्या हाताकडे. पाच खर्जाच्या, त्या डाव्याकडे. स्टिकचे संगीत कागदावर लिहितात तेव्हा पियानोसारख्याच दोन ओळी एकाखाली एक छापलेल्या, वरची उजव्या हाताची, खालची डाव्याची. इथवर पियानो शिकलेल्या माणसाला काहीच नवे नाही. घोळ होतो तो तारांच्या जुळणीत. मेलडीच्या तारा षड्ज-मध्यम अंतराने लावतात, खर्जाच्या षड्ज-पंचम अंतराने. त्यातही सगळ्यांत जाड खर्ज मधोमध, आणि दोन्ही बाजूंना कडेकडे जावे तसा स्वर चढत जातो.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, तेव्हा मनातल्या मनात बोटे फिरवू या. खर्जाच्या एका तारेवर कुठल्याही पडद्यावर सा धरा. शेजारच्या तारेवर, त्याच पडद्यावर, प मिळतो. त्यापलीकडच्या तारेवर दोन पडदे मागे सरकलात की वरचा सा. आता मेलडीकडे या. इथे शेजारच्या तारेवर त्याच पडद्यावर येतो म. प हवा तर तिथून दोन पडदे पुढे, आणि वरचा सा त्याच्याही पुढच्या तारेवर, तोही दोन पडदे पुढेच. म्हणजे कागदावर सप्तकाची उडी दोन्ही ओळींत सारखीच दिसते, पण एक हात मागे जातो आणि दुसरा पुढे. नवशिक्याची पंचाईत होते ती इथे. स्वर वाचायला त्याला फार वेळ लागत नाही; दोन हातांचे दोन नकाशे एकाच वेळी डोक्यात ठेवणे जड जाते.

मग सरळ टॅब का वापरू नये, असे कुणीही विचारील. टॅब म्हणजे तार कोणती आणि पडदा कितवा, एवढे आकड्यांनी सांगणारी लिपी. पद्धत जुनी आहे; व्हेनिसच्या पेत्रुच्चीने १५०७ मध्ये ल्यूटसाठी अशी पुस्तके छापली. त्या छपाईत आकड्यांच्या वर कालमानाच्या खुणा तरी असत. आज गिटारवाल्यांत फिरणाऱ्या टॅबमध्ये बहुधा नुसते आकडेच असतात, आणि स्टिकवर तेवढ्याने मुळीच भागत नाही. कारण या वाद्याच्या वरच्या टोकाला तारा दाबून मुक्या केलेल्या असतात. बोट उचलले की स्वर संपला, अगदी पेटीसारखा. स्वर किती मात्रा धरायचा हे लिहिलेले नसेल तर बोट केव्हा उचलायचे ते कळणार कसे? ऐकून पाठ झालेल्या गाण्याला नुसते आकडे पुरतील. न ऐकलेली चीज त्यांवरून वाचता येत नाही, आणि वाचनाचा खरा उपयोग तर तोच.

चॅपमन यांनी काढलेली तोड मला शहाणपणाची वाटते. तिला स्टाफ टॅब म्हणतात. पाच रेघा तशाच ठेवायच्या, मात्राही तशाच. फक्त स्वराच्या टिंबाचा आकार बदलायचा, त्यावरून बोट कळते. आणि शेजारी बारीक आकडा, तो तारेचा. स्वर आणि तार दोन्ही ठरले की पडदा आपोआप ठरतो, त्यासाठी आणखी खूण लागत नाही. पहिल्याच पानावर इतके आकार-आकडे पाहून जीव दडपतो हे खरे. पण हात एका जागी बसलेला असताना प्रत्येक स्वराचा आकडा वाचायची गरजच नसते. हात जिथे जागा सोडतो तिथला आकडा तेवढा पाहावा.

भातखंडे लिपीवर वाढलेल्यांना इथे एक फायदा आहे. आपल्याला सा हलता असण्याची सवय असते. स्टिकच्या प्रत्येक बाजूला तारांमधले अंतर सगळीकडे सारखे असल्यामुळे सा दोन पडदे वर नेला तरी बोटांची ठेवण तीच राहते. म्हणून वाचताना स्वरांच्या नावांपेक्षा दोन स्वरांतले अंतर पाहणारा लवकर पुढे जातो.

सरावाला संगीतकार बाखच्या 'इन्व्हेन्शन्स' नावाच्या दोन आवाजांच्या रचना घ्याव्यात. एकूण पंधरा आहेत. पहिलीची सुरुवात सरगमात सांगायची तर सा रे ग म रे ग सा प. उजवा हात हे म्हणतो, लगेच डावा तेच एक सप्तक खाली म्हणतो. उजव्या हाताला हे सगळे दोन शेजारच्या तारांवर, चार पडद्यांत, चार बोटांखाली मिळते. डाव्याला मात्र सा ते म एकाच तारेवर पाच पडद्यांचे अंतर पडते; प तेवढा शेजारच्या तारेवर, सा च्याच पडद्यावर सापडतो. तिथे बोटे ताणायची की हात सरकवायचा, हे पियानोसाठी छापलेल्या पानावर कुठून असणार? पेन्सिल घ्यावी आणि तारेचे आकडे आपणच घालावेत.