अंधारात दिवा कुठं धरायचा

(बीड जिल्ह्यातल्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला इथं कविता म्हणायला बोलावलंय असं काही जणांना वाटतंय. कविता नंतर कधीतरी. आज मी कॅमेऱ्याबद्दल बोलणार. भुताटकीच्या घरात, अंधारात, कोणता कॅमेरा लावायचा आणि दिवा कुठं ठेवायचा, एवढाच विषय. मी फोटोग्राफर नाही. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या गोदीत मालाला खांदा लावला. पण रातपाळीनं मला अंधार शिकवलाय. आणि दिवाळीच्या आधी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात मी तीन रात्री भूत धरायला बसलो होतो. पहिल्या रात्री माझ्या हातनं जी चूक झाली तिच्यापायी एका म्हातारीचा जीव गेला असता. तुमच्या हातनं ती होऊ नये म्हणून उभा राहिलोय. गावाचं नाव सांगत नाही. माणसांची तर नाहीच नाही.

भानामती म्हंजे काय हे मराठवाड्याच्या पोराला सांगावं लागू नये. पण तुमच्यातले बरेच बीडात, अंबाजोगाईत, परळीत वाढलेत, म्हणून सांगतो. घरावर दगड पडतात. दोरीवरचं लुगडं आपोआप पेटतं. भाकरीच्या टोपल्यात घाण निघते. अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. बाया कुत्र्यासारख्या भुंकायला लागतात. खाली कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेपर्यंत हे चालत आलंय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली. त्या लोकांनी असली प्रकरणं हाताळली आणि एकच गोष्ट सांगितली : दगडामागं माणसाचा हात असतो.

हे खरंच आहे. पण आपला प्रश्न तिथं संपत नाही, तिथं सुरू होतो. हात कुणाचाही असो, नाव कुणाचं घेतलं जातं? भुताला जात नसते म्हणतात. मग करणी करणारी बाई बघावं तेव्हा गावकुसाबाहेरची, विधवा, एकटी, जिच्यामागं बोलायला माणूस नाही, अशीच का निघते?

त्या गावात असंच झालं. एका ऊसतोड्याच्या पत्र्याच्या घरावर रात्री दगड पडायला लागले. मुकादमाची उचल घेतलेली, गाडी यायला आठ-दहा दिवस. घरातली माणसं घाबरली, देवऋषाकडं गेली. देवऋषी म्हणाला, "खालच्या अंगाची बाई हाय." खालच्या अंगाला राहतं कोण? आपण. आपल्या वस्तीत एकटी कोण? माझ्या आईच्या नात्यातली म्हातारी. झालं. गावानं पिठाच्या गिरणीवर तिचं दळण घेणं बंद केलं.

मला निरोप आला. मी काय केलं? शहरात राहतो ना, शहाणा! एक स्वस्तातला, रात्रीचा दिसणारा कॅमेरा घेतला. ज्याच्या लेन्सच्या भोवतीच बारीक बारीक दिवे असतात, तो. त्या घराच्या अंगणात टांगला आणि म्हणालो, आता बघू कोण करतं ते.

सकाळी समाजमंदिरासमोर फोनवर सगळ्यांना दाखवलं. सगळ्यांना दाखवलं हीच पहिली चूक. चित्रात काय? दगड पडल्याचा आवाज, आणि अंगणात तरंगणारे पांढरे गोल. एक नाही, वीस-पंचवीस. वर जातात, वळतात, विझतात. शेवटाला भिंतीपाशी एक पांढऱ्या लुगड्यातली बाई, डोळे चमकणारी, आणि लगेच नाहीशी. दोघं-तिघं एकदम ओरडले, "हीच! म्हातारीच!" मी म्हातारीला सोडवायला साक्षीदार आणला होता. माझाच साक्षीदार तिच्या विरोधात उभा राहिला. दुपारी तिच्या दारासमोर माणसं जमली. त्यांच्या हातात काय होतं ते सांगत नाही.

त्या दिवशी ती वाचली ती गावातल्याच एका मास्तरांमुळं. मास्तर म्हणाले, "एक रात्र थांबा. पोराला परत बघू द्या." मग मी ओट्यावर बसून डोकं धरलं आणि विचार केला : पांढरे गोल आले कुठनं?

गोदीत जहाजाच्या पोटात उतरलं की सिमेंटची, खताची धूळ अशी असते की हात दिसत नाही. नवं पोरगं काय करतं? बॅटरी डोळ्याजवळ धरतं. मग त्याला समोर धूळच धूळ दिसते, माल दिसत नाही. मला जुन्या गड्यानं शिकवलं होतं, "बॅटरी डोळ्यापाशी नको धरू. हात लांब कर, बाजूनं उजेड टाक." हे मला खांद्याला माहीत होतं, डोक्याला माहीत नव्हतं! कॅमेऱ्याचा दिवा लेन्सला चिकटलेला असला की लेन्सच्या पुढं वीतभर अंतरावरचा धुळीचा कण भरून उजळतो. तो कण लेन्सच्या नेमात नसतो, म्हणून ठिपका न दिसता फुगून गोल दिसतो. दिव्यावर येणारा किडाही तसाच. जगभर लोक ह्या गोलांना आत्मा म्हणून पुजतात. आत्मा नाही भावांनो, धूळ. आपल्या अंगणातली धूळ.

आणि पांढऱ्या लुगड्यातली बाई? ती त्याच घरातली, रात्री बाहेर गेलेली. अंगावर काळं लुगडं होतं. हा कॅमेरा अवरक्त उजेडात बघतो, त्याला इन्फ्रारेड म्हणतात. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही. त्या उजेडात कापडाचे बरेच काळे-गडद रंग रंगच राहत नाहीत, कापड पांढरट दिसतं. डोळे चमकतात ते आतल्या पडद्यावरून उजेड परत फिरतो म्हणून. म्हंजे लक्षात घ्या : ह्या चित्रात कपड्याच्या रंगावरनं माणूस ओळखायचा नाही. कधीच नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही मास्तरांना, सरपंचाच्या माणसाला, देवऋषाच्या पोरालासुद्धा बसवलं. तोच कॅमेरा, तीच जागा. मी सगळ्यांसमोर पायानं अंगणातली धूळ उडवली. चित्रात शंभर भुतं नाचली. मग कॅमेऱ्याचे अंगचे दिवे काळी पट्टी लावून झाकले, आणि वेगळा इन्फ्रारेड दिवा पाच-सहा हात बाजूला, खांबावर बांधला. परत धूळ उडवली. भुतं गेली. मास्तरांच्या बायकोनं काळं लुगडं कॅमेऱ्यापुढं धरलं, चित्रात पांढरं दिसलं. त्या दिवशी गाव पहिल्यांदा हसलं. माझं भाषण ऐकून नाही हसलं, स्वतःच्या डोळ्यानं बघून हसलं. कालामसुत्तात बुद्धानं हेच सांगितलंय, परंपरा सांगते म्हणून मानू नका, स्वतः पारखा.

आता कामाचं ऐका, लिहून घ्या.

पहिलं : अंधार हवाच कशाला, हे विचारा. घरच्यांची ना नसेल तर साधा बल्ब लावा आणि साध्या कॅमेऱ्यानं बघा. बल्ब लावल्यावर दगड थांबले तर तेही एक उत्तर आहे. भुताला बल्बाची अडचण नसते, हाताला असते. अंधार कायम ठेवायचा असेल तरच इन्फ्रारेड.

दुसरं : इन्फ्रारेड दिवा दोन जातीचा मिळतो, ८५० नॅनोमीटरचा आणि ९४० चा. ८५० चा लांबवर पोचतो, पण अंधारात त्याचे बारीक लाल ठिपके दिसतात. लोक त्यालाच सैतानाचे डोळे म्हणतील. ९४० चा दिसत नाही, पण कॅमेऱ्यालाही त्यात कमी दिसतं, म्हणून दिवा जवळ आणावा लागतो. कोणताही घ्या, लेन्सपासून लांब ठेवा आणि बाजूनं टाका. बाजूच्या उजेडात टांगलेला दोरासुद्धा दिसतो.

तिसरं : फोनच्या रात्रीच्या फोटोवर विसंबू नका. फोन अंधारात एकामागून एक बरेच फोटो घेतो आणि त्यांचा एक करतो. तेवढ्यात माणूस हलला की तो आरपार दिसतो. कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं राहिलं तरी तसंच. चालता माणूस धूर होतो. हाती ठेवता येणारा कॅमेरा असेल तर शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा हळू नको, आणि लेन्स मोठ्या तोंडाची, एफ १.८ सारखी. उजेड कमी पडला तर दिवा वाढवा, शटर लांबवू नका.

चौथं : हालचाल झाली की चालू होणारा कॅमेरा नको. तो जागा होईपर्यंत दगड पडून गेलेला असतो. सलग चालणारा हवा, बॅटरीवर चालणारा हवा, आपल्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही. कॅमेरे दोन. एकमेकांना दिसतील असे लावा, म्हंजे कुणी कॅमेऱ्याला हात लावला तर दुसरा बघेल. दोघांची घड्याळं एक करा. उष्णता दाखवणारे महागडे कॅमेरे मागू नका. माणूस टेकून उठला तरी भिंतीवर त्याची ऊब मागं राहते, आणि लोकांना तिथं बसलेलं भूत दिसतं.

पाचवं : आधी कॅमेरा तपासा, मग भूत. ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत विल्यम मम्लर नावाचा फोटोवाला मेलेल्यांचे फोटो विकायचा. १८६९ साली न्यूयॉर्कात त्याच्यावर खटला झाला, पुरावा कमी पडला, सुटला. इंग्लंडात विल्यम होप हाच धंदा करायचा. १९२२ साली हॅरी प्राइसनं काय केलं, खुणा केलेल्या काचा त्याला दिल्या. फोटो आला तो बिनखुणेच्या काचेवर! काच बदलली हे उघड झालं. आपली काच म्हंजे मेमरी कार्ड. रात्री लावताना चारचौघांसमोर रिकामं दाखवा, सकाळी चारचौघांसमोर काढा, पाकिटात घालून सह्या घ्या. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र लागतं. फोनवरनं फोनवर फिरलेली चित्रफीत तिथं लंगडी पडते.

आणि सहावं, जे कुठल्या दुकानात मिळत नाही. कॅमेरा अंगणाकडं, छपराकडं, वाटेकडं. बाया झोपतात तिकडं नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. अंगात आलेल्या बाईचा चेहरा नाही. चित्र गटावर टाकायचं नाही, एक सेकंदही नाही. मी पहिल्या सकाळी जे केलं ते तुम्ही करायचं नाही.

तिसऱ्या रात्री हात दिसला. दोन्ही कॅमेऱ्यांत, एकाच वेळी. बाजूच्या उजेडात स्वच्छ. हात त्या घरातलाच होता.

कुणाचा, म्हणून तुम्ही विचाराल. सांगणार नाही. बाईचा का गड्याचा, लहान का मोठा, तेही नाही. समितीच्या कामातनं मी हेच शिकलो : करणाऱ्याचं नाव फोडायचं नाही. बहुतेक वेळा तो हात दुखावलेल्या माणसाचा असतो, ज्याचं घरात कुणी ऐकत नाही. मी आणि मास्तर त्या माणसाजवळ बसलो. एवढंच सांगतो, त्या घरात कुणाला तरी उसाच्या फडात जायचं नव्हतं, आणि हे तोंडानं सांगायची सोय नव्हती. म्हणून पत्र्यावर दगड बोलत होता. पुढं काय करायचं ते घरच्यांशी बोलून ठरलं. दगड थांबले.

गावाला आम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. दगड माणसाचा होता. म्हातारीचा नव्हता, ती त्या वेळी मास्तरांच्या घरी, सात माणसांसमोर बसलेली होती. आणि कायदा वाचून दाखवला. जादूटोणाविरोधी कायदा, २०१३. अमकी करणी करते, भानामती करते असं म्हणून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. हा कायदा फुकट मिळालेला नाही. दाभोलकर अठरा वर्षं त्याच्यामागं फिरले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, मग चार दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला.

दळण परत सुरू झालं. माफी कुणी मागितली नाही.

निघताना मी म्हातारीकडं गेलो. म्हणालो, "आज्जे, संपलं." ती म्हणाली, "तुझा तो दिवा घेऊन चाललास व्हय?" मी म्हणालो, "तो दिवा तुला दिसत नाही आज्जे, तो कॅमेऱ्याचा हाय." तर म्हणाली, "मग आमाला दिसंल असा एखादा लाव की रं लेका. ह्या बोळात खांब हाय, दिवा न्हाई. अंधारात कोण येतं, कोण जातं, मला काय दिसतंय? आन् नाव माझंच."

मी तिथंच गप झालो. वर गावात चौकाचौकात उजेड, आणि आपल्या वस्तीच्या खांबावर नुसता खांब. आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज दिला. एक दिला, दुसरा दिला. तिसऱ्याला वस्तीतल्या बाया स्वतः गेल्या. अजून दिवा आलेला नाही.

तर कॅमेरा दोन गावांमागं एक पुरेल, तो आणू, वर्गणी काढू. पण शिबिर संपल्यावर प्रत्येकानं आपापल्या वस्तीचे खांब मोजून या. खांब किती, दिवे किती, पेटतात किती. कागदावर लिहून आणा. पुढच्या बैठकीत तेच पहिलं काम.

जयभीम.