म्हाताऱ्या सशाचें आजारपण

सशाचें दुखणें मुकें असतें. अशक्तपणा दिसला कीं शिकारी टपतो, ही रानची भीति त्यास पिंजऱ्यांतही सोडीत नाहीं. म्हणून जव्हार-मोखाड्याकडे ज्या घरीं सात-आठ वर्षांचा पाळीव ससा आहे (भोंवतालच्या रानांतला ससा निराळा, व तो धरून ठेवणें १९७२ च्या कायद्यानें गुन्हा), तेथें त्याच्या चेहऱ्यापेक्षां लेंड्यांकडे लक्ष असावें.

दहा-बारा तास त्यानें गवतास तोंड लावलें नाहीं, लेंड्या थांबल्या, पाठ वांकवून तो दांत खात बसला, कीं प्रसंग आणीबाणीचा समजावा. लंघनानें पोट साफ होईल, हें घरगुती शहाणपण येथें जीव घेतें. सशाचें आंतडें उपाशी राहिलें कीं मंदावतें आणि बंद पडतें. पुष्कळदां मूळ दांतांत असतें. ते जन्मभर वाढतात, आणि झिजले नाहींत तर जिभेस टोंचतात.

परळास १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे खरें, पण घाट उतरून तेथें पोंचेतों अर्धा दिवस जातो. आधीं जवळच्या पशुवैद्यकास गांठावें. पेनिसिलीन मात्र तोंडावाटें देऊं नये, तें सशास विषासमान. आंतड्यांत अडथळा नाहीं असें त्यानें सांगितल्यावर, वाटलेला हिरवा पाला पातळ करून बिनसुईच्या पिचकारीनें गालाच्या बाजूनें थोडा थोडा भरवावा.

पावसाळ्यांत आणखी एक धास्ती. उठवत नसलेला ससा स्वतःच्याच ओलींत बसतो, तेथें माशी अंडीं घालते, आणि एका दिवसांत किडे मांस पोंखरूं लागतात. खालचें गवत दिवसांतून तीनदां बदलावें. एवढें करूनही यातना थांबत नसतील, तर सुखानें मरण देण्याविषयीं पशुवैद्यकास विचारण्यांत पाप नाहीं. घरांतल्या मुलांस तें आधीं सांगावें, मागाहून नव्हे.